आधी प्रश्न ठरवा, मग रंग

राष्ट्रध्वज बदलण्याच्या वादावर बोलायचं म्हटलं की न्यूझीलंड आणि कॅनडा येणारच. पण आपण गोव्यात बसलो आहोत, म्हणून सुरुवात पोर्तुगालपासून करू. या भूमीवरचा ध्वज विसाव्या शतकात दोनदा बदलला. १९ डिसेंबर १९६१ चा, गोवामुक्तीचा, बदल सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या पन्नास वर्षं आधीचा आपण जवळजवळ विसरलो आहोत.

५ ऑक्टोबर १९१० ला लिस्बनमध्ये राजेशाही कोसळली. तोवर निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, मुकुटाचा ध्वज होता. दहा दिवसांत सरकारनं समिती नेमली. तिच्यात चित्रकार कोलुंबानू बोर्दालू पिन्येरू होते. रिपब्लिकन पक्षाचे रंग हिरवा आणि तांबडा. कवी गेर्रा जुंकेरू यांचं म्हणणं असं की मुकुट काढा, पण निळा-पांढरा ठेवा, कारण ते रंग राजाचे नाहीत, देशाचे आहेत. २९ नोव्हेंबरला सरकारनं हिरवा-तांबडा मंजूर केला, १९ जून १९११ ला संविधान सभेनं त्यावर शिक्कामोर्तब केलं. काठीकडचा दोन पंचमांश भाग हिरवा, उरलेला तीन पंचमांश तांबडा, सांध्यावर जुन्या दर्यावर्दींचं कड्याकड्यांचं खगोलयंत्र आणि त्यावर ढाल. जनतेला कुणी विचारलं नाही, ना लिस्बनच्या, ना गोव्याच्या.

क्रांतीत असंच होतं. सत्ता पालटली की ध्वज पालटतो, आणि विचारत बसायला कुणाला सवड नसते. अडचण येते ती शांततेच्या काळात. सरकार तेच, घटना तीच, फक्त ध्वज बदलायचा आहे. अशा वेळी लोक रंगांवर भांडताना दिसतात, पण बदल तरतो की बुडतो हे बहुतेक वेळा प्रश्न कोणत्या क्रमानं विचारला यावर ठरतं. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे.

न्यूझीलंडमध्ये जॉन की पंतप्रधान असताना २०१५-१६ साली दोन सार्वमतं झाली. तिथला ध्वज १९०२ पासूनचा, कोपऱ्यात ब्रिटनचा युनियन जॅक, आणि ऑस्ट्रेलियाच्या ध्वजाशी इतका सारखा की परदेशात घोटाळा ठरलेला. लोकांकडून १०,२९२ आराखडे आले. समितीनं त्यातले ४० निवडले. त्यातल्या एकावर एका दिवंगत कलावंताच्या नावच्या प्रतिष्ठाननं स्वामित्वहक्काची हरकत घेतली, म्हणून तो काढावा लागला. पुढे चार उरले. त्या चारांवर लोक नाराज झाले, तेव्हा जनतेच्या अर्जावरून संसदेनं ‘रेड पीक’ हा पाचवा घातला.

खरी गोम पुढे आहे. पहिल्या सार्वमतात, नोव्हेंबर-डिसेंबर २०१५ मध्ये, विचारलं गेलं की या पाचांतला कोणता आवडतो. बदल हवा का, हे मार्च २०१६ मध्ये विचारलं. ज्याला बदलच नको होता त्याला पहिल्या फेरीत ते सांगायला जागाच नव्हती. त्यातल्या पुष्कळांनी मतपत्रिका मुद्दाम बाद केल्या. बाद मतं शेकडा दहाच्या घरात गेली. पसंतीक्रमाच्या मोजणीत (मतदार आराखड्यांना १, २, ३ असे क्रम देतो, आणि मागे पडलेल्या आराखड्याची मतं पुढच्या पसंतीकडे जातात) तर आणखी गंमत झाली. पहिल्या पसंतीत नेच्याच्या पानाचा (हे न्यूझीलंडचं ओळखीचं चिन्ह) तांबडा-पांढरा-निळा आराखडा पुढे होता, शेवटच्या फेरीत काळा-पांढरा-निळा ५०.५८ टक्क्यांनी जिंकला. दोन्ही आराखडे एकाच माणसाचे, फरक एका रंगाचा. निम्म्या लोकांना नकोसा वाटलेला उमेदवार दुसऱ्या सार्वमतात जुन्या ध्वजासमोर उभा राहिला आणि पडला. ६७.८ टक्के मतदान झालं, त्यात ५६.६ टक्क्यांनी जुनाच ध्वज राखला. सगळ्या प्रक्रियेचा अंदाजित खर्च अडीच कोटी डॉलरांहून जास्त होता.

क्रम उलटा हवा होता असं मला वाटतं. आधी ‘बदल हवा का’, आणि होकार मिळाला तरच ‘कोणता’. याच्या विरोधातला मुद्दाही खरा आहे: नवा ध्वज डोळ्यांपुढे नसताना हवा की नको हे माणूस कसं सांगणार? पण त्यावर उपाय आहे. पहिल्या प्रश्नाआधी पाच-सहा नमुने कापडावर शिवून गावोगाव फडकवा, निवड मात्र नंतर करा.

प्रश्नाचा साचा उत्तर कसं घडवतो हे गोमंतकीयांना वेगळं सांगायला नको. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात चिन्हं दोनच होती: फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे केंद्रशासित प्रदेश. दोन पानांना १,७२,१९१ मतं, फुलाला १,३८,१७०, फरक ३४,०२१ चा. या सभागृहात दोन्ही बाजूंच्या घरांतली माणसं बसली असतील, त्यामुळे निकालाबद्दल मी बोलत नाही. मी मतपत्रिकेबद्दल बोलतोय. दोन्ही पर्याय एकाच दिवशी, एकाच कागदावर, समोरासमोर होते, ही तिची ताकद. स्वतंत्र राज्य हा पर्याय त्या कागदावर नव्हता, त्यासाठी ३० मे १९८७ उजाडावं लागलं, ही तिची मर्यादा. ध्वजाची मतपत्रिका छापणाऱ्यानं या दोन्ही गोष्टी समोर ठेवाव्यात.

सार्वमत न घेताही बदल पक्का होऊ शकतो. कॅनडात १९६४ मध्ये पंतप्रधान लेस्टर पिअर्सन यांना मेपलच्या तीन पानांचा, दोन्ही कडांना निळ्या पट्ट्यांचा ध्वज हवा होता. विरोधी नेते डीफेनबेकर जुना ध्वज सोडायला तयार नव्हते. प्रकरण पंधरा खासदारांच्या समितीकडे गेलं. विरोधकांना वाटलं, सरकार पक्ष पिअर्सन यांच्या तीन पानांना मत देणार, म्हणून त्यांनी एका पानाला दिलं. सरकार पक्षानंही एका पानालाच दिलं. निकाल १४ विरुद्ध शून्य! पिअर्सन यांनी स्वतःच्या आवडीचा आराखडा सोडून दिला, हा त्यांचा मोठेपणा. १५ डिसेंबर १९६४ च्या पहाटे दोनच्या सुमारास सभागृहात १६३ विरुद्ध ७८ अशी मंजुरी मिळाली आणि १५ फेब्रुवारी १९६५ ला ध्वज चढला. मेपलचं पान आधीपासून कॅनडाच्या सैनिकांच्या बिल्ल्यांवर आणि खेळाडूंच्या अंगावर होतं. लोकांच्या हातात होतं तेच काठीवर गेलं. नेचाही न्यूझीलंडच्या खेळाडूंच्या अंगावर होता, पण तिथं अनेकांना तो रग्बीच्या जर्सीसारखाच दिसला. तेव्हा ओळखीचं चिन्ह घेतलं की काम झालं, असंही नाही.

उलट मलावीत २०१० साली राष्ट्राध्यक्षांच्या आग्रहानं उगवता सूर्य काढून पूर्ण सूर्य घातला. २०१२ मध्ये अध्यक्ष बदलले आणि संसदेनं जुना ध्वज परत आणला. फिजीत २०१५ मध्ये बदलाची घोषणा झाली, पण चक्रीवादळानं देश झोडपला, आणि ऑगस्ट २०१६ मध्ये रग्बीचं ऑलिंपिक सुवर्ण जुन्याच ध्वजाखाली मिळाल्यावर सरकारनं बेत सोडला.

आपल्याकडे १९३१ साली काँग्रेसच्या ध्वज समितीनं, तिच्यात काकासाहेब कालेलकरही होते, एकरंगी केशरी ध्वज सुचवला होता, कोपऱ्यात चरखा. अखिल भारतीय समितीनं तो नाकारला आणि लोकांच्या हातातले तीन रंग ठेवले. तांबड्याच्या जागी केशरी आला आणि पट्ट्यांचा क्रम बदलला. २२ जुलै १९४७ ला संविधान सभेत नेहरूंनी ठराव मांडला तेव्हा चरख्याच्या जागी चक्र आलं होतं. याचं एक कारण निव्वळ व्यवहाराचं होतं आणि नेहरूंनी ते सभागृहात सांगितलं. चरख्याला एका बाजूला चाक, दुसऱ्या बाजूला चाती. ध्वज मागून पाहिला की चाक भलत्या बाजूला जातं. चक्र दोन्हीकडून सारखं दिसतं.

तिथून मी हस्तकलेकडे येतो, कारण समित्या इथंच घसरतात. आराखडे संगणकाच्या पडद्यावर पाहून ठरवले जातात, सपाट आणि सुरकुतीविना. काठीवरचा ध्वज असा कधीच नसतो. वारा पडला की तो काठीला चिकटून लोंबतो आणि काठीकडचा एक तृतीयांश भागच दिसतो. आराखड्याचा सगळा जीव मोकळ्या कडेला असेल तर अशा दिवशी तो कुणाचा ध्वज हे कळत नाही. म्हणून पहिली कसोटी लोंबवून पाहण्याची. दुसरी अंतराची: मैदानाच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाचा ध्वज ओळखू येतो का? मेपलच्या पानाची टोकं १३ ची ११ झाली ती वातबोगद्यातल्या चाचणीनंतर. फडफडताना जास्त टोकं एकमेकांत मिसळतात. तिसरी कसोटी शाळेतल्या मुलाची: एकदा पाहून वहीत काढता येतो का? पोर्तुगालचं खगोलयंत्र इथं नापास होतं. चौथी उलटा चढवण्याची. दोरीला वरचा फासा खाली लागला तर चूक लगेच दिसली पाहिजे. तिरंग्यात ती दिसते. युनियन जॅक उलटा चढला तरी अनेकांच्या लक्षात येत नाही.

मापांचंही तसंच. आपल्या ध्वजाचं प्रमाण ३:२. ९०० बाय ६०० मिलिमीटरचा ध्वज घ्या. प्रत्येक पट्टा २०० मिलिमीटर, चक्राचा व्यास १८५. म्हणजे चक्राच्या वर आणि खाली फक्त साडेसात-साडेसात मिलिमीटर पांढरं उरतं. शिलाई एवढी सरकली की चक्र केशरीला टेकलंच. अनमोड घाट चढून हुबळीला गेलात तर बेंगेरीला खादीचे ध्वज तयार होताना दिसतील. चक्र दोन्ही बाजूंनी छापावं लागतं. दोन ठसे नेमके एकमेकांवर बसले नाहीत, तर ध्वज उन्हासमोर धरल्यावर २४ आरे दुप्पट दिसतात. हे दुकानात सपाट ठेवून कळत नाही, उजेडासमोर धरूनच घ्यायचं.

२०२१ च्या अखेरीस ध्वजसंहितेत, म्हणजे ध्वज कसा वापरावा याच्या सरकारी नियमांत, झालेल्या दुरुस्तीनं पॉलिस्टर आणि यंत्रावर विणलेलं कापड चालू लागलं, २०२२ पासून मोकळ्या जागी रात्रीही ध्वज ठेवता येतो. किनाऱ्यावर याचा अर्थ नीट समजून घ्या. खादी पावसात पाणी पिऊन जड होते, दोरीवर ताण येतो, भिजलेली सुती दोरी फुगून कप्पीत अडकते, आणि ध्वज ना वर जातो ना खाली येतो. पॉलिस्टर लवकर वाळतं, पण खाऱ्या वाऱ्यात त्याची मोकळी कड आसुडासारखी फटकत राहते आणि खालच्या कोपऱ्यातून उसवते. त्या कडेला दुमड मोठी घेऊन तीन-चार ओळी शिलाई घालावी, आणि पहिला धागा सुटताच ध्वज उतरवावा. फाटका ध्वज लावणं ध्वजसंहितेला मान्य नाही.

म्हणून कुठल्याही देशाला नवा ध्वज ठरवायचा असेल, तर निवडलेले नमुने १८०० बाय १२०० मापात, दोन-दोन कापडांत शिवून घ्यावेत आणि बंदरावरच्या काठ्यांवर एक आख्खा पावसाळा ठेवावेत. आपल्याकडचे चार महिने त्याला पुरेत. सप्टेंबर संपला की ते उतरवून, न धुता, समितीच्या टेबलावर जुन्या ध्वजाशेजारी पसरायचे आणि मग मतपत्रिका छापायला द्यायची.