बोर्ड बोलायला लागतो

पंखा फिरतो. थांबतो. पुन्हा फिरतो. स्क्रीन काळी, सिरियल पोर्टवर, म्हणजे बोर्ड जिथून मजकूर बाहेर पाठवतो त्या तारेवर, एक अक्षर नाही. फर्मवेअर, म्हणजे बोर्ड सुरू करणारा पहिला प्रोग्राम, कुठेतरी चुकतंय, पण कुठे ते कळायला मार्ग नाही.

प्रोसेसर एक्स८६ जातीचा आहे. शून्याने भागाकार झाला किंवा अनोळखी सूचना (इन्स्ट्रक्शन) समोर आली, की तो एक टेबल उघडतो आणि कोणाला, म्हणजे ती चूक हाताळणाऱ्या कोणत्या कोडला (हँडलरला), हाक मारायची ते बघतो. इथे ते टेबल कुणी मांडलेलंच नाही. हँडलर शोधतानाच दुसरी चूक होते, तो डबल फॉल्ट. त्याचाही हँडलर नाही, म्हणजे ट्रिपल फॉल्ट. प्रोसेसर हात टेकतो, बोर्ड स्वतःला रीसेट करतो आणि पंखा परत फिरू लागतो.

तर टेबल मांडायचं. २५६ नोंदी, ३२-बिट मोडमध्ये प्रत्येकी ८ बाइट. ठेवायचं कुठे? रॅम अजून सुरूच झालेली नाही, म्हणून प्रोसेसरची कॅशच, म्हणजे त्याच्या आतली छोटी मेमरी, तात्पुरती रॅम म्हणून वापरायची. नोंदीत हँडलरचा पत्ता सलग मावत नाही: खालचे १६ बिट सुरुवातीला, वरचे १६ शेवटी. जुन्या ८०२८६ प्रोसेसरची रचना पुढच्या ३८६ मध्ये ताणून बसवली, त्याची ही खूण. लिंकर, म्हणजे कोडचे भाग जोडून पत्ते भरणारा प्रोग्राम, असे तुकडे सहसा करून देत नाही, म्हणून ते काम कोडलाच करावं लागतं.

खरी गोम पुढे आहे. पेज फॉल्ट, म्हणजे मेमरीच्या पानापर्यंत पोचता न आल्याची १४ नंबरची चूक, आला की प्रोसेसर स्टॅकवर, म्हणजे परतीचा पत्ता जिथे ठेवतो त्या मेमरीच्या ढिगावर, एक एरर कोड ठेवतो. भागाकाराच्या चुकीला, शून्य नंबरला, तो ठेवत नाही. हा दुजाभाव का, ते विचारू नका. जिथे कोड नसतो तिथे आपणच एक खोटं शून्य ढकलायचं, म्हणजे पुढचा हँडलर सगळ्यांना एकच राहतो. परतताना हा कोड काढायला विसरलात, तर प्रोसेसर त्यालाच परतीचा पत्ता समजून उडी मारतो.

आता टेबलाचा पत्ता प्रोसेसरला द्यायचा. त्यासाठी एकच सूचना लागते, एलआयडीटी.

चाचणीसाठी कोडमध्ये मुद्दाम यूडी२ पेरलीय, म्हणजे हमखास अवैध सूचना. पॉवर दिली. पंखा फिरला, आणि या वेळी फिरतच राहिला. सिरियल पोर्टवर ओळ उमटली: एक्सेप्शन ६, म्हणजे अवैध सूचनेची चूक, शेजारी पत्ता. डिसअसेम्ब्लीत, म्हणजे कोडच्या सूचना पत्त्यांसह मांडलेल्या यादीत, तो पत्ता शोधला. तिथे आपलीच यूडी२ बसलेली.