झडप अडते तेव्हा: मुलांमधलं पल्मनरी स्टेनोसिस

इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, स्क्रीनवर हे जे दर ठोक्याला वर फुगतंय ना, ती हृदयातली पल्मनरी झडप आहे, आणि खरं तर ती अशी फुगायलाच नको. नॉर्मल मुलात तिचे तीन पातळ पडदे असतात, ठोका पडला की ते उघडतात, उजव्या कप्प्यातलं रक्त फुप्फुसाकडे जातं, पडदे मिटतात, विषय संपला. इथे मात्र पडद्यांच्या कडा एकमेकींना चिकटल्यात, मधे बारीकशी वाट उरलीय आणि सगळं रक्त तिथूनच घुसायला बघतंय.

याला पल्मनरी स्टेनोसिस म्हणतात. जन्मजात हृदयदोष असलेल्या 100 मुलांमध्ये साधारण 8 ते 10 जणांना हा असतो. नातेवाईक लगेच विचारतात, हृदयाला छिद्र आहे का? तर नाही, जी वाट मोकळी हवी तीच अरुंद आहे. आणि आईचं काही चुकलं का, हाही प्रश्न येतोच, पण ही झडप गरोदरपणाच्या सुरुवातीच्या आठवड्यांतच तयार होते आणि बहुतेक वेळा ठोस असं एक कारण सापडतच नाही. काही मुलांमध्ये नूनन सिंड्रोमसारखा जनुकीय आजार मागे असतो, तेवढं बघावं लागतं.

बऱ्याच मुलांना त्रास काहीच नसतो. सर्दी-तापासाठी नेलेलं असतं, डॉक्टर स्टेथोस्कोप लावतात आणि जरा जास्तच वेळ ऐकत राहतात, मग म्हणतात मर्मर आहे, म्हणजे ठोक्यांसोबत एक जास्तीचा आवाज येतोय, टू-डी इको करून घ्या. आता मर्मर जोरात म्हणजे आजार मोठा असं सरसकट धरू नका, कारण नवजात बाळात झडप जवळजवळ बंद असेल तर रक्तच इतकं कमी जातं की आवाज उलट हळू येतो.

इकोचा रिपोर्ट हातात आला की त्यात ग्रेडियंटचा, म्हणजे झडपेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातल्या फरकाचा, आकडा शोधा. मशीन रक्ताचा वेग मोजतं, त्या वेगाचा वर्ग करायचा आणि 4 ने गुणायचं, झाला ग्रेडियंट. सेकंदाला 3 मीटर वेग असेल तर 36, आणि 4 मीटर असेल तर थेट 64, म्हणजे वेग एकानेच वाढला पण दाबातला फरक जवळपास दुप्पट. 36 च्या आत सौम्य, 36 ते 64 मध्यम, त्याच्या वर तीव्र. आणि हो, बाळ रडत असताना इको केला तर आकडा वाढून येऊ शकतो, म्हणून एका रिपोर्टवर रात्रभर जागू नका.

सौम्य असेल तर बहुधा फक्त लक्ष ठेवतात, मूल खेळू-धावू शकतं. पहिल्या वर्षात मात्र आकडा वाढू शकतो, तेव्हाच्या तपासणीच्या तारखा चुकवायच्या नाहीत. तीव्र असेल तर उजव्या कप्प्याचा स्नायू जोर लावून लावून जाड होतो, मूल लवकर दमतं, कधी चक्कर येऊन पडतं. आणि जन्मतःच बाळ निळसर पडलं तर ती इमर्जन्सीच, प्रोस्टाग्लॅंडिन या औषधाची ड्रिप लावून जन्मानंतर बंद होणारी एक रक्तवाहिनी उघडी ठेवतात, म्हणजे फुप्फुसाला रक्त मिळत राहतं.

झडप उघडायच्या उपचाराचं म्हणाल तर 1948 मध्ये लंडनचे सर्जन रसेल ब्रॉक यांनी धडधडत्या हृदयात हत्यार घालून ही झडप कापली होती. 1982 मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या डॉ. जीन कॅन आणि त्यांच्या टीमने बलूनची पद्धत मांडली आणि चित्रच बदललं.

आता बलूनचं काम कसं चालतं ते नीट बघा. जांघेतल्या शिरेतून तार वर गेलीय, तिच्यावरून मिटलेला बलून झडपेत आणलाय, फुगल्यावर तो झडपेच्या घेरापेक्षा थोडा मोठा होईल असा निवडलेला. फुगवायला लागले की एक्सरेवर तो डमरूसारखा दिसतो, मधोमध आवळलेला, कारण चिकटलेले पडदे अजून सोडत नाहीयेत. दाब वाढतो आणि एका क्षणी ते आवळलेपण निघून जातं, बलून सरळ होतो. सगळं काही सेकंदांचं, लगेच हवा सोडल्यासारखा तो रिकामा करतात कारण तेवढा वेळ रक्ताची वाट बंद असते. छाती उघडायची गरज नाही.

कधी कधी बलूननंतरही आकडा लगेच खाली येत नाही, आणि आईबाबा हादरतात. झडप उघडलेली असते, पण तिच्या खालचा जाड झालेला स्नायूच वाट आवळत असतो, तो पुढच्या काही महिन्यांत ओसरतो, लागलं तर मधे औषध देतात. पडदेच जाडजूड असतील, नूननमध्ये असतात तसे, तर मात्र बलूनचा फायदा कमी होतो आणि ऑपरेशनचा विचार करावा लागतो.

उघडलेली झडप थोडी गळते, ते बहुतेकांना वर्षानुवर्षं जाणवतही नाही. पण गळती जास्त असेल तर उजवा कप्पा हळूहळू मोठा होतो, म्हणून मूल मोठं झालं, कॉलेजला गेलं तरी इको चालूच ठेवायचा, आणि जुन्या रिपोर्टची फाइल तोवर त्याच्याकडेच द्यायची.