एम्प्रेस मिलचा धोटा

पडद्यावर दिसणारा हा लाकडी धोटा, म्हणजे मागावर उभ्या धाग्यांमधून आडवे सूत नेणारे साधन, दीड वीत लांबीचा आहे. त्याच्या दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या आहेत, पोटात सुताची कांडी बसवण्याची खाच आहे आणि एका कडेला चिनी मातीचा, ज्वारीच्या दाण्याएवढा डोळा आहे. या डोळ्याभोवतीचेच लाकूड काळसर आणि गुळगुळीत का झाले असावे, हे मला कित्येक वर्षे उमगले नव्हते.

नागपूरच्या एम्प्रेस मिलच्या अशा वस्तू मी जमवतो. विदर्भाचा कापूस, वरोऱ्याचा कोळसा आणि गावापर्यंत आलेली रेल्वे हे सारे हाताशी असल्यामुळे जमशेटजी टाटांनी मुंबईऐवजी येथे, जुम्मा तलावाजवळच्या दलदलीत, गिरणी उभारायचे ठरवले. दलदल बुजवणारा हा माणूस जमिनीत सोने पुरतो आहे, असे म्हणून एका सावकाराने तेव्हा कर्ज नाकारले. टाटांनी माती घालून सोने काढले, अशी कबुली पुढे त्यानेच दिली, असे सांगतात. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून दिल्ली दरबारात घोषित केले त्याच दिवशी, मिल सुरू झाली आणि तिला ते नाव मिळाले. २००२ मध्ये ती बंद पडली. आज त्या जागेवर मॉल आहे.

माझ्या पेटीत पगाराची कार्डे आहेत, कापडाच्या ठाणांवर चिकटवायची रंगीत लेबले आहेत आणि पितळी बिल्ले आहेत. त्यांतला एक बिल्ला भंगारवाल्याने माझ्यावरच्या मायेपोटी चिंचेने घासून लख्ख करून दिला; बोटांनी झिजवलेला त्याचा रंग गेला, याची चुटपुट अजून जात नाही. भोंगा मात्र मला मिळाला नाही. त्याच्या आवाजावर आमच्या घरी चहाचे आधण चढत असे आणि भिंतीवरचे घड्याळ लावले जात असे.

गेल्या वर्षी साचेखात्यातले, म्हणजे मिलच्या विणकाम विभागातले, एक निवृत्त कामगार घरी आले, तेव्हा मी हा धोटा त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी त्याच्या टोप्या चाचपल्या, खाचेतून अंगठा फिरवला आणि मुलाच्या नोकरीविषयी बोलता बोलताच तो डोळा ओठांशी नेऊन श्वास आत ओढला. नवी कांडी घातली की सुताचे टोक असेच ओढून डोळ्यातून बाहेर काढत, असे त्यांनी मग सांगितले. सुताबरोबर कापसाचा भुगाही घशात जात असे. सांगताना त्यांनी सवयीने तोंड पुसले.