रविवारची फेरी पोरांच्या हाती द्या

श्रोतेहो, नमस्कार. पावसाळा लागला की प्रभातफेरी निघते, घोषणा होतात आणि घरामागच्या परड्यातला डास आपला तिथेच. आठवी-नववीच्या पोरांना घोषणा कशाला, काम द्या: दर रविवारी घरोघरी फिरून डेंग्यूच्या डासाच्या अळ्या शोधायचं.

डेंग्यूचा एडिस डास गटारापेक्षा साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्याचा डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात, म्हणून फेरी दर आठवड्याला हवी. एक रविवार चुकला की मागची मेहनत फुकट.

दोघादोघांची जोडी करा, एका जोडीला दहा घरं. सोबत बॅटरी, पांढरी वाटी, घासणी आणि वही. पिंप, रांजण, फ्रिजमागचा ट्रे तर बघायचेच. पण आपल्याकडे खरी जागा परड्यात असते. करवंट्या, पोफळीच्या विऱ्या म्हणजे गळलेल्या पानांचे खोलगट देठ, उंदराने पोखरून पडलेले नारळ, किनाऱ्यावर ओढलेल्या होड्यांची ताडपत्री आणि होडीला बांधलेले टायर. वाटीत पाणी घेऊन पाहा: अळी डोकं खाली करून तिरकी लटकते, सावली पडली की वळवळत तळाला जाते.

चूक होते ती पुढे. पाणी नुसतं ओतून चालत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात, कोरडी पडूनही महिनोन्महिने टिकतात आणि पाणी लागलं की फुटतात. म्हणून आतून घासा. ओतायचं तेही कोरड्या मातीवर. टाकीवर मात्र पोरांना चढू देऊ नका, ते मोठ्यांचं काम. आणि कुणाकडे अळ्या सापडल्या ते फळ्यावर लिहू नका. पुढच्या रविवारी दार उघडणार नाही. तापाचा माणूस दिसला तर आशाताईंना कळवायचं, पोरांनी गोळी द्यायची नाही.

आता हिशेब. वाडीत ४० घरं, त्यातली १० चाकरमान्यांची, कुलूपबंद. तपासलेल्या ३० पैकी ६ घरांत अळ्या, म्हणजे शंभरी २०. चाळिसाने भागलंत तर १५ येईल आणि वाडी उगाच बरी दिसेल. बंद घरं वहीत वेगळी लिहा. मुंबईला फोन करून मालकाची परवानगी घ्या आणि त्यांचं परडं शेजाऱ्याला सोबत घेऊन तपासा. गणपतीला दार उघडेपर्यंत थांबू नका.