काळ्या एल्फांचे युद्ध आले कोठून?

श्रोतेहो, नमस्कार.

'गॉड ऑफ वॉर' या मालिकेतील जो व्हिडिओ गेम एप्रिल 2018 मध्ये प्लेस्टेशन 4 वर आला, तो तुमच्यापैकी काहींनी स्वतः खेळला असेल, काहींनी घरातल्या मुलांच्या खांद्यावरून पाहिला असेल. ग्रीक देवांचा संहार करून उत्तरेला येऊन राहिलेला क्रेटोस आणि त्याचा लहान मुलगा अत्रेयस हे दोघे, क्रेटोसच्या दिवंगत पत्नीची रक्षा सर्वांत उंच शिखरावरून वाऱ्यावर सोडण्यासाठी निघतात, एवढीच त्याची मूळ कथा. वाटेत एका डोंगरावर त्यांना काळ्या धुक्याची भिंत आडवी येते. ती हटवायची तर एल्फांच्या (उत्तर युरोपच्या कथांतील, आपल्या यक्ष-गंधर्वांसारख्या अमानवी जीवांच्या) जगातला, म्हणजे आल्फहाइममधला प्रकाश आणावा लागणार, असे त्यांना कळते आणि बापलेक एका परक्या युद्धाच्या ऐन मध्यावर जाऊन उभे राहतात. आज मी त्या युद्धाविषयी, आणि विशेषतः त्यातल्या काळ्या एल्फांविषयी बोलणार आहे.

आल्फहाइममध्ये पाऊल टाकताच काय दिसते, तर पंख असलेले, कीटकांसारख्या अंगाचे, हातात भाले घेतलेले काळे एल्फ उजळ एल्फांना मारत आहेत. सरोवराच्या मधोमध असलेल्या मंदिरातील प्रकाशाचा स्रोत त्यांनी बळकावला आहे आणि गांधीलमाशीच्या पोळ्यासारख्या, चिवट आणि धडधडणाऱ्या जाळ्याने तो झाकून टाकला आहे. अत्रेयसला उजळ एल्फांच्या मदतीला धावायचे असते. हे आपले युद्ध नव्हे, असे क्रेटोस त्याला बजावतो. पण प्रकाश तर हवाच, म्हणून तो कुऱ्हाडीने ते जाळे तोडत आत शिरतो, वाटेत येणाऱ्या काळ्या एल्फांना ठार करतो, प्रकाश मोकळा करतो, आणि एका बाजूला विजय मिळवून देतो. म्हणजे तोंडाने तटस्थ आणि हाताने पक्षकार. अशी माणसे आपण खेळाबाहेरही पुष्कळ पाहतो.

परतीच्या वाटेवर काळ्या एल्फांचा राजा आडवा येतो. हा सामना मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा माझे सगळे लक्ष कंट्रोलरवरच्या बोटांवर होते, कारण तो उडतो, भाल्याने मारा करतो आणि डोळे दिपवून टाकतो. राजा कोसळला, मी सुटकेचा श्वास सोडला, आणि मरता मरता तो आपल्या भाषेत काय पुटपुटला याकडे माझे लक्षच गेले नाही. काही महिन्यांनी पुन्हा खेळायला घेतले तेव्हा मात्र मी कंट्रोलर खाली ठेवून ऐकले. ती भाषा क्रेटोसला कळत नाही; मुलाला थोडीफार कळते. मुलगा सांगतो की, तुम्ही चूक केलीत, असे हा आपल्याला म्हणतो आहे. कोणती चूक, हे सांगण्याआधीच राजा संपलेला असतो, आणि बापाला त्या प्रश्नात रस नसतो. माझ्या मते अख्ख्या खेळात लेखकांनी दाखवलेले सर्वांत मोठे धाडस या क्षणात आहे. पाच-सहा डझन काळे एल्फ मारून झाल्यावर, ज्याला तुम्ही शत्रू समजलात त्याचीही काही बाजू होती, एवढेच सुचवून खेळ पुढे सरकतो.

आता प्रश्न असा की, हे युद्ध नॉर्स, म्हणजे प्राचीन स्कँडिनेव्हियाच्या पुराणकथांत आहे का? सरळ उत्तर असे की, नाही. उजळ आणि काळे अशी एल्फांची विभागणी आपल्याला आइसलंडचा विद्वान आणि राजकारणी स्नोरी स्टुर्लुसन याच्या गद्य 'एड्डा'मध्ये भेटते, आणि तो ग्रंथ 1220 च्या सुमारास लिहिला गेला. तेथे तो म्हणतो की, उजळ एल्फ दिसायला सूर्याहून सुंदर असून आल्फहाइममध्ये राहतात, काळे एल्फ डांबराहून काळे असून जमिनीखाली राहतात, आणि दोघे दिसण्यात वेगळे असले तरी स्वभावाने त्याहूनही वेगळे आहेत. बस्स, एवढेच. लढाईचा तेथे एक शब्द नाही. उलट याच ग्रंथात पुढे फेन्रिर नावाच्या राक्षसी लांडग्याला बांधण्यासाठी साखळी हवी असते, तेव्हा देवांचा दूत काळ्या एल्फांच्या जगात जातो आणि ती साखळी तेथील बुटक्या कारागिरांकडून करवून आणतो. म्हणून काही अभ्यासक असे मानतात की, स्नोरीचे काळे एल्फ आणि ते बुटके कारागीर हे मुळात एकच असावेत. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. इसवी सन 1000 च्या सुमारास आइसलंडने ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. त्यानंतर दोनशे वर्षांनी लिहिणाऱ्या स्नोरीने जुन्या एल्फांची वर देवदूत आणि खाली पतित देवदूत अशा साच्यात वाटणी केली असावी, अशी शंका अनेकांनी व्यक्त केली आहे, आणि मला ती पटते.

कारण स्नोरीच्या आधीचे एल्फ पाहिले तर ते कोणाशी लढताना दिसत नाहीत. जुन्या काव्यांत 'देव आणि एल्फ' अशी जोडीच येते, आपण 'देव-गंधर्व' म्हणावे तशी. आल्फहाइम हे फ्रेय या देवाला त्याचा पहिला दात आल्यावर भेट म्हणून दिलेले होते, असे एका प्राचीन कवनात म्हटले आहे. सूर्याच्या नावांपैकी एका नावात 'एल्फ' हा शब्द आहे. 'आल्फ्रेड' या इंग्लंडच्या राजाच्या नावाचा अर्थसुद्धा 'एल्फांचा सल्ला लाभलेला' असा होतो. ज्यांचा धाक आहे पण तिरस्कार नाही, अशांचेच नाव लोक लेकराला देतात. जाता जाता सांगतो, 'एल्फ' हा शब्द आणि ऋग्वेदातील 'ऋभु' हे एकाच मुळाचे असावेत असा तर्क एकोणिसाव्या शतकात मांडला गेला होता. आज मात्र 'पांढरा' या अर्थाच्या धातूशी त्याचे नाते जोडण्याकडे अधिक कल आहे.

लोकांच्या रोजच्या जगण्यात एल्फ कसे होते, याचे दोन दाखले मला फार आवडतात. एका आइसलंडिक सागामध्ये, म्हणजे जुन्या गद्यकथेत, एक जखमी माणूस बरा होत नाही, तेव्हा जाणती बाई त्याला सांगते की, जवळच्या टेकाडात एल्फ राहतात. बळी दिलेल्या बैलाचे रक्त त्या टेकाडावर बाहेरून शिंपड आणि मांसाची मेजवानी त्यांना दे, म्हणजे तू बरा होशील. दुसरा दाखला सिग्वात नावाच्या कवीचा. 1020 च्या आसपास नॉर्वेच्या राजाच्या कामगिरीवर तो स्वीडनच्या पश्चिम भागातून चालला होता. एका घरी त्याने रात्रीपुरता आसरा मागितला. दार बंद होते. त्याने फटीतून नाक आत घातले, तर आतल्या बाईने त्याला सुनावले की, आत येऊ नकोस, देवांचा राजा ओदिन याचा कोप होईल, आमच्याकडे एल्फांचा बळिविधी चालू आहे. लांडग्याला हुसकावे तसे तिने मला हुसकावले, अशी तक्रार त्या ख्रिस्ती कवीने आपल्या कवितेत करून ठेवली आहे. त्या रात्री दिव्याच्या उजेडात आत नेमके काय चालले होते हे त्याला दिसले नाही, त्यामुळे आपल्यालाही कधी दिसणार नाही. पण तो विधी बंद दाराआड, घरच्या माणसांपुरता आणि एका बाईच्या अधिकारात चालला होता, एवढे त्या चार ओळींतून नक्की समजते.

तेव्हा टेकाडातल्या या शेजाऱ्यांना स्नोरीने दोन रंगांत वाटले, आणि आठशे वर्षांनंतर कॅलिफोर्नियातल्या एका स्टुडिओने त्या दोन रंगांना भाले देऊन समोरासमोर उभे केले. खेळाला शत्रू लागतात, आणि शत्रू ओळखू येण्यासाठी त्यांचा रंग वेगळा असावा लागतो, ही त्या धंद्याची गरज आहे. 'काळा म्हणजे दुष्ट' हे समीकरण त्यात आयतेच मिळते, आणि ते मला खटकते. तरीही या लेखकांना ते पूर्णपणे पचले नाही, असे मानायला जागा आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये आलेल्या 'रॅग्नारोक' या पुढच्या भागात क्रेटोस पुन्हा त्याच मंदिरात जातो, तेव्हा ते उजळ एल्फांच्या ताब्यात असते, काळे एल्फ बाहेर असतात, आणि ज्यांना आपण आधी सोडवले तेच आता आपल्यावर शस्त्र धरतात. कृतज्ञतेची अपेक्षा ठेवून गेलेल्या खेळाडूची तेथे चांगलीच जिरते.

याच भागात फ्रेयच्या सोबतीला बिग्विर आणि बेय्ला असे एक जोडपे आहे. त्यांच्यातले एक उजळ एल्फ आणि दुसरे काळे. ही नावे मात्र स्टुडिओने रचलेली नाहीत. जुन्या काव्यात समुद्राधिपती एगिरच्या मेजवानीला देव आणि एल्फ जमलेले असताना लोकी हा कपटी, खोडसाळ देव एकेकाचे वाभाडे काढतो. त्या मेजवानीत फ्रेयचे हे दोन सेवक आहेत, आणि ते नवराबायको आहेत. बिग्विरचे नाव जव या धान्यावरून आलेले दिसते. लोकी त्याला हिणवतो की, माणसे लढायला निघाली की तू जमिनीवरच्या गवतात असा दडतोस की शोधूनही सापडत नाहीस. आणि बेय्लाला तो घाणीने बरबटलेली मोलकरीण म्हणतो.