खाली काय आहे, ते आधी विचारा

मंडळी, पत्रिकेवर 'भूकंप, दरडी आणि पन्हाळ्याचा डोंगर' असा विषय छापलाय. पन्हाळ्याला जायचंच आहे, पण आधी आपल्या कोल्हापुरात थोडं थांबू.

कोयनेकडं जरा हाललं की आपल्याकडं फोन सुरू होतात. 'किती रिश्टरचा होता?' जमिनीखाली किती ऊर्जा सुटली, तेवढंच तो आकडा सांगतो. एका पेठेत मांडणीवरची भांडी वाजतात आणि नदीकडच्या घरात कपाट सरकतं, तेव्हा रिश्टर दोन्हीकडं एकच असतो. फरक असतो पायाखालच्या जमिनीचा. तो प्रश्न कोणी विचारत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

आपल्या गावाखाली काळा कातळ आहे. कुठं दोन हातांवर लागतो, तर पंचगंगेकडं वर काळ्या मातीचा आणि गाळाचा जाड थर असतो. कातळातून वेगानं आलेली लाट मऊ मातीत शिरली की तिचा वेग पडतो आणि झोका वाढतो. परातीत खरवस ठेवा आणि परातीला टिचकी मारा. परात थांबते, खरवस डुलत राहतो. घरी करून बघा, नंतर खायलाही मिळतो!

आता भाच्याच्या फ्लॅटची गोष्ट. बुकिंग करून आला आणि म्हणाला, "मामा, जागा बघायला चला." गेलो. फुटिंगचे खड्डे उघडे होते. मी एका खड्ड्याच्या कडेला बसलो. वर हातभर मुरूम, त्याखाली विटांचे तुकडे, प्लॅस्टिकच्या पिशव्या, खापराचे काठ आणि बोटानं दाबली तर आत जाणारी काळपट माती. सगळा भराव! शेजारच्या आजी म्हणाल्या, "इथं विहीर होती की. आम्ही पाणी भरलंय." बांधणाऱ्यांना विचारलं तर उत्तर आलं, "सर, आरसीसी आहे, काळजी कशाला करता?" मी माती परीक्षणाचा अहवाल मागितला. आज देतो, उद्या देतो, असं करत एकदाचा मिळाला. वरचा सिटी सर्व्हे नंबर वाचला, तर तो दुसऱ्याच जागेचा! भाच्यानं पैसे परत मागितले, त्यातही त्याला बरंच झुलवलं. मला राग एवढ्याचसाठी येतो की त्या इमारतीत आज माणसं राहतात आणि आपण कशावर उभे आहोत, हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही.

ही एकट्या विहिरीची गोष्ट नाही. कोल्हापूर तळ्यांचं गाव. कपिलतीर्थाच्या जागी मंडई झाली, वरुणतीर्थाच्या जागी गांधी मैदान. मोठा पाऊस झाला की मैदानात पाणी साचतं, म्हणजे जमिनीला जुनी ओळख आठवते. रंकाळा आधी दगडाची खाण होता आणि भूकंपात तिथं पाणी लागलं, असं आपल्याकडं सांगतात. ती कथा फार रंगते, पण आज वेळ नाही.

१९८५ साली मेक्सिकोच्या किनाऱ्याजवळ भूकंप झाला आणि साडेतीनशे किलोमीटरवरच्या राजधानीत इमारती कोसळल्या, कारण तिचा मोठा भाग जुन्या तळ्याच्या चिखलावर वसला होता. तो चिखल साधारण दोन सेकंदांच्या लयीत हलला, म्हणजे एक झोका पुरा व्हायला दोन सेकंद. इमारतीची लय मातीच्या लयीशी जुळली की इमारतीचा झोका वाढत जातो. त्या लयीत सापडल्या मध्यम उंचीच्या इमारती. बुटकी घरं बरीचशी वाचली. मातीची लय काढायचा हिशेब सोपा आहे. मातीची जाडी चौपट करा आणि जमीन आडवी हलवणाऱ्या लाटेच्या मातीतल्या वेगानं भागा. वीस मीटर माती, सेकंदाला दोनशे मीटर वेग, म्हणजे ०.४ सेकंद. ढोबळ मानानं चार मजली इमारतीची लयही तेवढीच असते.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. तर पन्हाळा, घाईनंच!

डोंगराच्या माथ्यावर आणि कड्याच्या धारेवर लाटा एकवटतात, म्हणून पायथ्यापेक्षा तिथं हादरा जोरात बसू शकतो. १९७१ च्या कॅलिफोर्नियातल्या भूकंपात पकॉइमा धरणाजवळच्या धारेवरच्या यंत्रानं गुरुत्वाकर्षणाच्या सव्वापट त्वरण नोंदवलं. आपल्याकडं माथ्यावर जांभा. तो सच्छिद्र, पाऊस आत घेतो. त्याखाली चिकण थर, तिथं पाणी अडतं, दाब वाढतो आणि वरचा भार सरकायला टेकतो. ३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यातलं माळीण गाव दरडीखाली गेलं ते पावसात, भूकंप नसताना.

आता मला खरं सांगायचं होतं ते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा मोठा भूकंप झाला, तेव्हा पावसाळा सरलेला होता. तोच धक्का भिजलेल्या डोंगरांना बसला असता तर? हा प्रश्न हवेतला नाही. कोयना-वारणा भागात पावसाळ्यात धरणं भरल्यानंतरच्या महिन्यांत धक्के वाढतात, असं अनेक वर्षांच्या नोंदींत दिसलंय, आणि सप्टेंबरात आपले डोंगर ओलेच असतात. तरी भूकंपाचा आराखडा एका फायलीत आणि दरडींचा दुसऱ्या. दोन्ही एकत्र मांडून वाडीवार नकाशा करा, एवढी माझी मागणी आहे.

डोंगरउतारावर राहणाऱ्यांनी घराच्या वरच्या अंगाची चर मोकळी ठेवावी, उताराचा पाया खणून सपाटी काढू नये. जमिनीला नवी भेग पडली, झाडं कलली, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं किंवा आटलं, तर सकाळची वाट न बघता म्हाताऱ्याकोताऱ्यांना घेऊन घर सोडावं आणि ओढ्याच्या वाटेनं जाऊ नये.