कानो, डेजा व्हू एफएम आणि दहा गाणी

नमस्कार मंडळी. आज ज्याच्याबद्दल बोलणारे तो माणूस आपल्याकडे बऱ्याच जणांना चेहऱ्याने माहितीये, नावाने नाही. नेटफ्लिक्सवर 'टॉप बॉय' बघितली असेल तर त्यातला तो सली आठवा, कमी बोलणारा, नुसता समोर आला तरी पोटात गोळा येतो असा. तो म्हणजे केन रॉबिन्सन, आणि रॅपर म्हणून त्याचं नाव कानो. 1985 चा जन्म, पूर्व लंडनच्या ईस्ट हॅमचा, जमैकन घरातला पोरगा, लहानपणी फुटबॉलमध्येही चांगलाच पुढे गेलेला. पहिला अल्बम 2005 मध्ये आला, 'होम स्वीट होम'. आणि 30 ऑगस्ट 2019 ला, म्हणजे 'टॉप बॉय' नेटफ्लिक्सवर यायच्या दोन आठवडे आधी, आला 'हुडीज ऑल समर'. फक्त दहा गाणी.

समीक्षकांनी हा अल्बम डोक्यावर घेतला. 2020 च्या मर्क्युरी प्राइझच्या, म्हणजे तिकडच्या वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमच्या बक्षिसाच्या, यादीत तो होता, बक्षीस गायक मायकल किवानुकाला गेलं ते सोडा, त्याच्या आधीचा 'मेड इन द मॅनर'सुद्धा 2016 ला त्याच यादीत होता, तेव्हा रॅपर स्केप्टा जिंकला. म्हणजे कौतुक भरपूर झालं. पण मी त्यावेळी जे जे रिव्ह्यू वाचले ना, त्यातले बरेचसे एकाच सुरातले होते, की बघा किती मॅच्युअर झाला, सामाजिक विषयांवर बोलतो, व्हायोलिन आहेत, कॉयर म्हणजे समूहगान आहे, ग्राइमच्या, म्हणजे पूर्व लंडनच्या त्या वेगवान रॅपच्या, पलीकडे गेला. हे 'पलीकडे गेला' मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही.

का, ते सांगते, आणि आपण रेडिओवर आहोत तर जरा सविस्तरच सांगते कारण ही गोष्ट रेडिओचीच आहे. 2000 च्या आसपास पूर्व लंडनमध्ये ग्राइम वाढलं ते पायरेट रेडिओवर. लायसन नाही, काही नाही, उंच टॉवरच्या गच्चीवर गुपचूप अँटेना लावायचा, स्टुडिओ दुसरीकडेच कुठेतरी एका खोलीत, आणि अधिकारी येऊन सामान उचलून नेतील याची भीती कायम. डेजा व्हू एफएम हे त्यातलंच स्ट्रॅटफर्डचं स्टेशन. कानो तेव्हा नॅस्टी क्रू या रॅपर मंडळींच्या गटात होता आणि तिथल्या माइकवर त्याची शाळा झाली. खोलीत आठ-दहा पोरं, माइक एखाद-दुसरा, बीट मिनिटाला 140 चा. तुमच्या वाट्याला 16 बार, म्हणजे चार-चार ठोक्यांची सोळा आवर्तनं, आले म्हणजे जेमतेम 27 सेकंद, तेवढ्यात श्वास सांभाळायचा, शब्द नीट ऐकू गेले पाहिजेत आणि पुढचा हात पुढे करून उभाच आहे. ओळ जबरदस्त बसली तर डीजे रेकॉर्ड मागे ओढून पहिल्यापासून लावणार, त्याला रीलोड म्हणतात, आपल्या संगीत नाटकात पदाला वन्स मोअर मिळायचा ना, अगदी तसंच.

आता या अल्बममधलं 'क्लास ऑफ डेजा' ऐका. नावातच ते स्टेशन आहे. सोबत डी डबल ई आणि गेट्स हे रॅपर, दोघेही नॅस्टी क्रूमधलेच. तिघं एकमेकांच्या तोंडातून ओळ काढून घेतात, एकाचा शब्द संपायच्या आत दुसरा आत शिरलेला, कलगी-तुऱ्याची बारी रंगावी तसं. पस्तिशी-चाळिशीला टेकलेली माणसं आहेत ही आणि वेग कुठे कमी नाही. समीक्षकांपैकी काहींनी हे गाणं मजेचं, जुन्या आठवणींचं म्हणून दोन ओळीत संपवलं याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण माझ्या मते अख्ख्या अल्बमची किल्ली तिथे आहे.

तेच कसब 'ट्रबल'मध्ये वेगळ्या कामाला लावलंय. लंडनमध्ये चाकूने मारल्या जाणाऱ्या कोवळ्या पोरांबद्दलचं गाणं आहे, आणि या गाण्याबद्दल समीक्षकांनी जे लिहिलं ते शंभर टक्के बरोबर होतं, त्यात माझं काही म्हणणं नाही. फक्त एक, ते मनाला लागतं ते विषय मोठा आहे म्हणून नाही. तो आवाज चढवत नाही, शेजारच्या कुणाशी बोलावं तसं बोलतो, कुठे थांबायचं ते त्याला नेमकं कळतं, आणि हे थांबणं ज्याने 27 सेकंदांत सगळं सांगायची सवय केलीये त्यालाच जमतं. या दोन्ही गाण्यांवर मिळून अनिल कारिया यांनी एक शॉर्ट फिल्म केलीये, तेच दिग्दर्शक ज्यांना पुढे 2022 मध्ये अभिनेता रिझ अहमदसोबत शॉर्ट फिल्मचं ऑस्कर मिळालं. ती बघाच. आणि दिग्दर्शकानेही ही दोन गाणी वेगळी ठेवली नाहीत, हे लक्षात घ्या.

व्हायोलिन, कॉयर हे सगळं आहेच, ब्लू मे आणि जोडी मिलिनर या प्रोड्यूसर मंडळींनी ते फार सुंदर केलंय, ऑक्टोबर 2019 ला हाच अल्बम घेऊन तो रॉयल अल्बर्ट हॉलमध्येही उभा राहिला. पण मला वाटतं की तो ग्राइम सोडून त्या हॉलमध्ये गेला नाही, सोबत घेऊन गेला.

नावाबद्दलही बोलते. उन्हाळ्यात हुडी कशाला? तर कधीही पाऊस येईल, कधीही काहीही होईल, म्हणून अंगावर असू दे. बाहेरच्याला ती हुडी बघून भीती वाटते आणि आतल्यासाठी ते नुसतं डोक्यावरचं छप्पर.

आज रात्री ऐकणार असाल तर हेडफोन लावून ऐका आणि क्रम बदलू नका, शफल बंद ठेवा. शेवटचं गाणं 'एसवायएम', त्यात कॉयर एक अस्सल रस्त्यावरची, आईवरून दिलेली शिवी चर्चमधल्या प्रार्थनेसारखी गातं, इतक्या गोड आवाजात की शब्द कळायला जरा वेळ लागतो.